प्रकल्प ‘३९ फूट’ : घरकामाच्या नोंदी, कोल्हापूर, जून-जुलै २०२५

१५ जून, रविवार, रात्री ११.२०

उद्या शाळा सुरू. ऑफिसमध्ये प्रत्येक क्लायंटची एक वर्किंग फाईल असते, तशी आजपासून घराची फाईल काढतेय. वही म्हणजे जानेवारीत पतसंस्थेनं दिलेली डायरी, आजपर्यंत कोरीच पडून होती.

कशामुळं सुरू केलं ते लिहून ठेवते, नायतर पुढच्या महिन्यात मलाच खोटं वाटेल. साडेसातला चिऊनं विचारलं, आई माझे पांढरे मोजे कुठायत. एवढंच. तेव्हा कुकर शिट्टीवर आलेला, बारक्यानं बेसनाचा डबा उपडा करून त्यात गाडी चालवायला घेतलेली, आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, गोळीच्या आधी दोन घास द्यायचे होते, आणि मी मोज्यांवरनं अशी काय ओरडले की खालच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मग मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. नळ बाहेर आवाज जाऊ नये म्हणून, आणि रडता रडता डोक्यात काय तर वरची टाकी रिकामी होतेय, सकाळी पाणी येईपर्यंत पुरायला पाहिजे.

मोजे कपाटातच होते. जिथं असतात तिथंच.

आज एकच केलं, घरातल्या सगळ्या कामांची यादी. ६१ वर थांबले, अजून आहेत पण डोळे मिटायला लागले. दुधाला विरजण, मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुणे, भांड्याच्या मावशींसाठी सुट्टे पैसे काढून ठेवणे, घंटागाडीचा आवाज ऐकणे. हसू नका, ऐकणे हे पण काम आहे, कुणाचा तरी एक कान सकाळभर रस्त्याकडं लावलेला असतो आणि आमच्यात तो माझाच.

नंबर ४४, चिऊच्या पुस्तकांना कव्हर घालणे. राहिलं.

१६ जून, सोमवार

यांच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी, पोरांना आणि मला रविवारी. लग्नाला अकरा वर्षं झाली, एक सुट्टी सलग सगळ्यांची मिळून अशी सणालाच. आधी याचं वाईट वाटायचं, आता वाटतंय याचा काहीतरी उपयोग करता येईल. बघूया.

आज फक्त मोजलं. ऑफिसची टाइमशीट भरतो तसं, अर्ध्या-अर्ध्या तासाला रेघ. घरकाम ४०० मिनिटं झालं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं, ऑफिसचे पाच तास वेगळे. पोरांचं जेवूघालू आणि अभ्यास यात धरलेलाच नाही. यांचं ४० मिनिटं, त्यात गाडी धुतलेली पण आली.

सरकारनं पण हे मोजलंय. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि काम करणारा पुरुष ९७. मग २०२४ ला परत मोजलं, तर बाई २८९ आणि पुरुष ८८. पाच वर्षांत आमची १० मिनिटं वाचली तोवर त्यांनी पण ९ वाचवून घेतली. हिशोब टॅली होतोय का बघा.

१८ जून, बुधवार

पद्धत ठरली. आधी वाटलेलं की टाइमटेबल करावं, पण टाइमटेबल पाळणे हे ६२ वं काम होणार आणि ते पण माझंच. म्हणून उलटं. रोज एक काम गुपचूप सोडून द्यायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि कुणाच्या लक्षात येतंय का ते बघायचं. नियम दोन. कुणाच्या लक्षात आलं नाही तर ते काम यादीतून कायमचं बाद. लक्षात आलं तर ज्याला दिसलं त्याचं काम.

आजचं काम नं. १९, घरातल्या कपड्यांना इस्त्री. उद्या नं. २३, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. लक्ष्मीपुरीतनं प्लास्टिकच्या सहा पाट्या आणल्या, माणशी एक, वाळलेलं कापड थेट ज्याच्या त्याच्या पाटीत टाकायचं. ऑफिसचे, शाळेचे आणि मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, बाहेर जायचे शर्ट तेवढे हँगरला.

२१ जून, शनिवार

इस्त्री : कुणाच्या लक्षात नाही. बाद.

घड्या : बारक्याला पाटीत पाय घालून बसायला मिळालं म्हणून खूश. हे दोन दिवस चुरगळलेल्या बनियनमध्ये फिरले, शब्द नाही. बाद.

दुपारी चारचा दुसरा चहा : मामांना दहा मिनिटांत कळलं. नियमाप्रमाणं आता चारचा चहा मामा करतात. पहिल्या दिवशी आलं न किसता अख्खं टाकलं. मी गप्प बसून प्याले.

देवाची भांडी शुक्रवारी घासायची सोडली : आत्तींना आरतीलाच दिसलं. हे जरा सविस्तर लिहायला पाहिजे. मला वाटलं आता बोलणी बसणार, तर त्या चिंच-मीठ घेऊन पाटावर बसल्या, तांब्याचा गडू असा काय चकचकीत केला की त्यात ट्यूबलाईट दिसत होती, आणि वर मलाच म्हणाल्या, “मी करतो की बसून. हात काय मोडलेत व्हय माझे? तूच दर वेळी हातातनं काढून घेतीस.” खरंय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्ष मी त्यांना “तुम्ही बसा, मी करते” म्हणत आले. काळजी म्हणून म्हणत होते असं मी धरून चाललेले. आता वाटतं त्यात निम्मं असं पण होतं की दुसऱ्यानं केलेलं मला पटतच नाही.

२४ जून, मंगळवार

पाऊस लागून राहिलाय, कपडे वाळत नाहीत. या विषयावर मी आता पुस्तक लिहू शकते. थोडक्यात एवढंच की मशीनमध्ये स्पिन दोनदा लावायचं, दुसऱ्या वेळी कपडे झटकून, जागा बदलून घालायचे, दुसऱ्या स्पिनला पण वाटीभर तरी पाणी निघतंच. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं जागा सोडायची, जीन्सचे खिसे उलटे काढायचे, पंखा लावायचा आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची, कारण सगळं बंद करून पंखा लावला की तीच ओली हवा खोलीत फिरत राहते आणि सकाळी कुबट वास. युनिफॉर्मचा तिसरा जोड घेतला. पैसे गेले, पण रात्री साडेअकराला ओल्या पिनोफ्रॉकवर इस्त्री फिरवणे हे काम नं. ३१ यादीतून गेलं. सोडलं नाही, विकत घेऊन घालवलं.

टॉवेल रोज धुवायचे बंद. लक्षात : कुणाच्या नाही.

२६ जून, गुरुवार

शाहू जयंती. काल संध्याकाळी सातला शाळेच्या ग्रुपवर मेसेज, मुलींनी नऊवारी, मुलांनी फेटा, सकाळी साडेसातला हजर. संध्याकाळी सातला! मेसेज टाकणाऱ्यांच्या घरी नऊवारी आपोआप उगवते बहुतेक. खालच्या काकूंकडं सरळ मागितली, त्यांच्या नातीची निघाली, सेफ्टी पिनांनी बारीक केली. आधी मी रात्रीत महाद्वार रोडला पळाले असते आणि शिलाईचं दुकान उघडं करायला लावलं असतं.

मिरवणुकीत चिऊ छान दिसली. एक पिन टोचली म्हणे, पण रडली नाही.

२९ जून, रविवार

यांचं उठल्या उठल्या पहिलं काम मोबाईलवर पंचगंगेची पातळी बघणे. शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला दुसरं काय सुचणार, २०१९ ला आणि २०२१ ला गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलं, २०१९ ला तर राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. इथं पोरासोरांना पण पाठ असतं, ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आणि शहाणा माणूस ४३ ची वाट बघत नाही. ३९ झालं की खालच्या घरातले गाद्या वर टाकतात, गाड्या वर नेऊन लावतात, म्हाताऱ्यांना पावण्यांकडं पाठवतात.

मोरीत नळ सोडून बसले ते माझे ४३ होते. मग माझे ३९ कधी झाले असतील, यावर आज दुपारभर विचार केला, लसूण सोलत सोलत. आठवलं तसं लिहिते. एकच गोष्ट घ्यायला दोनदा खोलीत जाते आणि रिकाम्या हातानं परत येते. पोरांनी हाक मारली की “काय” च्या जागी “आता काय” म्हणते. भांडी आपटायला लागते आणि आपटतेय हे आवाज आल्यावर कळतं. उभ्यानं जेवते. हे चार झाले की ३९. मोज्यांच्या आधी हे चारही होऊन गेलेले, दोन-तीन दिवस रोज, मी बघितलंच नाही.

तर ३९ ला काय सोडायचं ते आधीच ठरवून ठेवलं, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. जेवणाला मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात, तिसरा पर्याय नाही. नाष्ट्याला चुरमुरे. भाकरीसोबत दही आणि कांदा-लसूण चटणी, भाजी नाही. फरशी पुसायची नाही, नुसता केर. पोरांना अंघोळ सकाळी एकदाच. अभ्यास पंधरा मिनिटं. आणि मी दहा मिनिटं गच्चीवर, पाऊस असला तर जिन्यात.

यांना दाखवलं. वाचून म्हणाले, “एवढंच? मग रोजच असं का करत नाय?” उत्तर सुचलं नाही. रागपण आला.

१ जुलै, मंगळवार

नाष्ट्याचं वेळापत्रक लावलं, एवढं एकच टाइमटेबल चालतंय. सोमवार पोहे, मंगळवार उप्पीट, बुधवारी डोसे, गुरुवारी थालीपीठ, शुक्रवारी परत पोहे, शनिवारी शिरा, रविवारी मिसळ आणायची किंवा ज्याला जे पाहिजे ते त्यानं करायचं. करायला वेळ तेवढाच लागतो. पण “उद्या काय करू” हे जे रात्री झोपेपर्यंत डोक्यात फिरायचं ते थांबलं, आणि माझ्या मते दमवायचं ते हेच, उप्पीट नव्हे.

वाटणाचा प्रयोग पण चालू आहे. किलोभर कांदा उभा चिरून भाजला, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर, सगळं एकदम वाटून तीन डब्यांत फ्रीजरला. रोज पंचवीस मिनिटं जायची, आता आठवड्याला पन्नास.

भांड्याच्या मावशी उद्यापासून दोन आठवडे गावाला, भाताची रोपलावण. जायलाच पाहिजे, वर्षाचा भात त्यावर. पण पोटात गोळा आला.

३ जुलै, गुरुवार

लाईट नऊ तास नव्हती. वाटण आंबलं, तिन्ही डबे ओतले. पुढच्या वेळी तीन दिवसांपुरतंच करायचं. भांडी दोन वेळची साठली. इशारा पातळी, चारपैकी तीन. खिचडी.

४ जुलै, शुक्रवार, रात्री उशिरा

आमच्या गल्लीची त्र्यंबोली यात्रा. आषाढातल्या मंगळवार-शुक्रवारी एकेका गल्लीची असते, नदीचं नवं पाणी कलशात घेऊन, पी ढबाक वाजवत टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर जायचं, आणि मग घरोघरी मटण. आमच्याकडं चौदा माणसं. मावशी नाहीत, वाटण नाही, आणि मी अशी.

दरवर्षी मी पहाटे चारला उठते. यंदा बुधवारीच सांगून टाकलं की भाकरी मी करणार नाही. आत्तींचा चेहरा पडला, यात्रेला बाहेरच्या भाकरी! पण पलीकडच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांना चाळीस भाकरींची ऑर्डर दिली, गरम गरम पाटीत फडक्यात बांधून आल्या, आणि आत्तींनी पहिली भाकरी मोडून नुसतीच चटणीबरोबर खाल्ली, म्हणाल्या, “पापुद्रा आलाय चांगला.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पद्मश्रीच. ताटांच्या जागी पत्रावळ्या.

मटण यांनी आणि दिरांनी केलं. इथं एक निरीक्षण नोंदवते. मटण म्हणलं की कोल्हापूरचा प्रत्येक बाप्या आचारी असतो. तांबडा-पांढरा दोन्ही, चौदा माणसांचं माप नजरेनं, मीठ अचूक, अळणी पाणी बाजूला काढून पोरांना आधी. हाच माणूस बुधवारी विचारतो तूरडाळ कुठं असते. तर येत नाही हा मुद्दा निकालात निघाला. मटण केलं की लोक कौतुक करतात, डाळीचं कोण करणार.

हे मी तोंडावर पण बोलले, सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानं. दीर हसले, हे हसले नाहीत.

६ जुलै, रविवार

आषाढी. सगळ्यांना उपवास पाहिजे, साबुदाण्याची खिचडी पाहिजे आणि बारक्याला वरण-भात पण. केलं. लिहिण्यासारखं काही नाही.

९ जुलै, बुधवार

यादीतली १४ कामं बाद झाली, ६ दुसऱ्यांकडं गेली, तरी जिना चढताना दम लागतोय आणि दुपारी ऑफिसमध्ये व्हाउचर बघता बघता डोळे मिटतात. पेठेतल्याच डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.८. बाईचं १२ च्या खाली गेलं तर तो ॲनिमिया. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणींना असतो, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, म्हणजे मी काय एकटी नाही, पण मला वाटत होतं की मीच आळशी झालेय.

लोहाच्या गोळ्या चालू. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहानं लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर चांगल्या. मामांनी लगेच चारचा चहा साडेचारला ढकलला, म्हणाले गोळीला अंतर पाहिजे. चहाचं खातं आता पूर्ण त्यांच्याकडं, माझा काही संबंध नाही.

१४ जुलै, सोमवार

यात्रेनंतर चार दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं होतं. मग शुक्रवारी हे आपणहून म्हणाले, सोमवार माझा. मी विचारलं, माझा म्हणजे? मदत का? तर म्हणाले, नाही, अख्खा. सकाळच्या पाण्यापासून रात्री दूध तापवून ठेवेपर्यंत.

आज पहिला सोमवार. साडेपाचला ऑफिसमधनं आले. अंडाकरी, भात, कांदा. पोरं जेवली होती, चिऊचा गृहपाठ झालेला, बारक्याचा शर्ट उलटा. सगळं ठीक. आणि मग मी ओटा बघितला.

ओटा पुसलेला होता, म्हणजे त्यांच्या मते. शेगडीच्या भोवती फडकं फिरवलेलं, शेगडी न उचलता, त्यामुळं बर्नरच्या खाली अंड्याचा पांढरा ओघळ वाळून चिकटलेला, कडेला हळदीचं बोट, आणि ओलं फडकं गोळा करून नळावर. माझा हात गेला. खरंच गेला, शेगडी उचलायला. हे दारात उभे होते. बोलले नाहीत, पण बघत होते. मी हात मागं घेतला, पाणी पिऊन बाहेर येऊन बसले, आणि टीव्हीवर काय चाललं होतं ते सांगता येणार नाही, डोक्यात तो ओघळ. रात्री दहाला त्यांनी दूध तापवायला ठेवलं तेव्हा स्वतःच म्हणाले, “हे खाली चिकटलंय की,” आणि पुसलं. ज्याला दिसलं त्याचं काम. साडेचार तास लागले, पण दिसलं.

त्यांचं आजचं १५० मिनिटं. मी लपून मोजलं.

१८ जुलै, शुक्रवार

फसलं. ४१-४२ पर्यंत गेले. जीएसटीच्या तारखा, बारक्याला ताप, मावशी ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा, आणि मी चिऊला वेणी घालताना केस ओढले, मुद्दाम नाही पण हळूपण नाही. ३९ ची यादी होती की. डायरीत होती, डायरी ऑफिसच्या बॅगेत, बॅग गाडीच्या डिकीत. इशारा द्यायचा भोंगाच कपाटात ठेवल्यासारखं झालं.

संध्याकाळी चिऊला जवळ घेऊन सॉरी म्हणलं. ती म्हणाली, ठीकाय, पण उद्या दोन वेण्या नकोत, एकच पोनी. काम नं. ८ चं असं निम्मं झालं.

यादी आता मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या दारावर, यांच्या पाणीपातळीच्या कागदाशेजारी. कुणी पण वाचून खिचडी लावू शकतो, मी सांगायची वाट बघायची नाही.

२२ जुलै, मंगळवार

मावशी आल्या, गावचे जांभूळ घेऊन. हात चिखलानं फाटलेत. दोन दिवस फक्त ताटं-वाट्या घासा म्हणलं, मोठी भांडी आम्ही बघतो. नको म्हणत होत्या. मी ‘तुम्ही बसा’ म्हणायच्या बेतात होते, आत्तींकडं बघितलं आणि गप्प बसले. त्यांचं त्या ठरवतील. शेवटी कढई ठेवली आणि बाकी सगळं घासलं.

२४ जुलै, गुरुवार

गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणजे आज घरात मटण आणि आचारी परत फॉर्मात. मी दिवसभर परत मोजलं, १६ जूनसारखंच, अर्ध्या तासाला रेघ. ३१० मिनिटं. दीड तास वाचला असं लिहिणार होते, पण त्यातला निम्मा जिन्यावर दम खायला जात होता तो गोळ्यांमुळं वाचला, म्हणून ते खातं वेगळं दाखवते.

श्रावणातले सोमवार आता कसे व्हायचे ते बघायचंय, अंडाकरी चालणार नाही. यांना वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी शिकायला सांगितलीय, तर म्हणाले आत्तीच शिकवतील, तू नको, तू मागं उभी राहून श्वास टाकतीस. टाकते.

नं. ४४ अजून बाकी होतं. आज शाळेच्या डायरीत बाईंनी लाल पेनानं लिहून पाठवलं, पुस्तकांना कव्हर घालणे. नियमाप्रमाणं ज्याला दिसलं त्याचं, पण बाईंना घरी कसं बोलवणार. चिऊनं विचारलं, मी घालू का, मीच तर वाचलं पहिल्यांदा. ब्राऊन पेपर घरात नव्हता, मग तिनं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, कात्री घेतली, आणि जमिनीवर पसरून बसली. टेप सगळीकडं लागलाय, बारक्याच्या गुडघ्याला पण. परिसर अभ्यासाला मार्च लागला. गणिताच्या पुस्तकावर ऑगस्ट आलाय, उलटा.